एक रुपयाचे लाख कोण देतो?

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं तुमच्याकडे असेल, तर त्याची किंमत पाच रुपये आहे. दहाचं असेल तर दहा. २०१२ साली देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सरकारने ही नाणी काढली, ती भरपूर पाडली आणि आजही ती बाजारात फिरतात. मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांनी एवढं जरी कधी छापलं असतं, तरी आमच्या केम गावातल्या एका पोराचे साडेतीन हजार वाचले असते.

हा पोरगा कुंकवाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. ‘तुमच्याकडे हे नाणं असेल तर व्हाल लखपती’ अशी बातमी त्याने मोबाइलवर वाचली, नाण्याचा फोटो काढून कुठल्याशा पानावर टाकला आणि तासाभरात फोन आला. समोरचा हिंदी बोलणारा, गोड आवाजाचा. तुमचं नाणं अकरा लाखांना मंजूर झालंय, फक्त नोंदणी फी भरा. ती भरली. मग जीएसटी. मग ‘आरबीआयचं ना-हरकत प्रमाणपत्र’, त्यावर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्हसुद्धा. तिसऱ्या हप्त्यासाठी त्याने मालकाकडे उचल मागितली तेव्हा भानगड बाहेर आली, आणि मालकाने त्याला माझ्याकडे धाडलं. “आण्णा, नाणं खरं आहे का खोटं तेवढं सांगा,” म्हणाला. नाणं खरंच होतं. तेच तर दुखणं आहे.

माझ्याकडे धाडायचं कारण असं की मी एसटीत कंडक्टर होतो, करमाळा आगारात. केम, जेऊर, कुर्डुवाडी, टेंभुर्णी याच पट्ट्यात नोकरी सरली. बँकेचा कॅशियर चिल्लर मोजून पिशवीत बांधतो. आम्हाला एकेक नाणं बोटाने ओळखून परत द्यावं लागतं, तेही गाडी खड्ड्यातून आदळत असताना आणि डब्यातला दिवा बंद असताना. २०११ साली दोन रुपयांचं नवं नाणं आलं, ते व्यासाने २५ मिलिमीटर आणि वजनाला ४.८५ ग्रॅम. म्हणजे १९९२ पासून चालत आलेल्या स्टीलच्या जुन्या रुपयाएवढंच, तंतोतंत. त्या वेळी आम्ही वाहक मंडळींनी हे ठरवणाऱ्यांना काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पण त्या त्रासातूनच नजर बसली. वेगळं नाणं हाताला लागलं की कळायचं. ते लगेच खिशात मात्र टाकता येत नसे. ड्युटीवर निघताना जवळची खासगी रक्कम लिहून द्यावी लागते. वाटेत तपासणी पथक चढलं आणि खिशात रुपया जास्त निघाला तर पंचाईत. रात्री आगारात हिशेब देताना त्या नाण्याच्या जागी माझं नाणं टाकायचं आणि ते घरी न्यायचं, असा माझा रिवाज होता.

त्यामुळे मी हा धंदा सरसकट थोतांड आहे असं म्हणत नाही. टाकसाळीत चुका होतात, चुकलेली नाणी पोत्यातून बाहेर पडतात आणि ती जमवणारे लोक त्यांना दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देतात. प्रश्न एवढाच की चूक कशाला म्हणायचं आणि जास्त म्हणजे किती.

लोक पहिल्यांदा बोट ठेवतात ते वर्षाखालच्या खुणेवर. आपल्याकडे नाणी पाडणाऱ्या चार टाकसाळी आहेत. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. झालं, एवढ्यावर अर्धा बाजार उभा आहे. ‘वर्षाखाली डायमंड असेल तर’ म्हणून बातमी येते, आणि हे डायमंडवालं नाणं महाराष्ट्रात मुठीने सापडतं. दुसरा येतो तो खूण नाही म्हणून हरखलेला. ते बिचारं कोलकात्याचं असतं. १९८५ चे काही रुपये ब्रिटनमध्ये पाडून आणले होते. ‘सी’ अक्षराची नाणी कॅनडातल्या ओटावाची, ‘एमके’ची स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साची. देशात चिल्लर कमी पडली म्हणून सरकारने ती मागवली. यातलं एकही चुकीचं नाणं नाही.

चूक कशी होते हे कळायला नाणं कसं पडतं ते माहीत हवं. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड उचलून घेतात. मग ती दोन ठशांच्या मध्ये जाते, भोवती कडं असतं, आणि एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. यातल्या प्रत्येक पायरीवर गफलत होऊ शकते आणि प्रत्येक गफलतीची खूण वेगळी.

सगळ्यात उपयोगाची एक गोष्ट सांगतो, तिला भिंगसुद्धा लागत नाही. नाण्यावर जास्तीची रेघ दिसली की नख फिरवून बघा. रेघ उठावाची असेल, तर ठशाला तडा गेला होता. दाब पडताना त्या तड्यात धातू शिरला आणि नाण्यावर रेघ वर आली. ही टाकसाळीतली चूक. रेघ आत गेलेली असेल तर तो ओरखडा आहे, आणि तो टाकसाळीच्या बाहेर कुणी ना कुणी पाडलाय. माझ्याकडे लोक जी नाणी घेऊन येतात त्यातली बहुतेक इथेच गळतात.

पुढची परीक्षा: नाण्याचा सिंहाकडचा भाग सरळ धरा, डावी-उजवी कड चिमटीत पकडा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. मागचा आकडाही सरळ यायला हवा. तो तिरका आला तर ठसा फिरला होता. थोडासा तिरकेपणा नव्वदीतल्या कितीतरी नाण्यांत आहे, त्याला कुणी विचारत नाही. आकडा आडवा किंवा पार उलटा आला तर नाणं बाजूला ठेवा.

कडेचा घास घेतल्यासारखी नाणीही असतात. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापणी पडली की असं होतं. पण घास कानशीनेही घेता येतो. खरं असेल तर घासाच्या बरोबर समोरची कड फिकी, दबलेली दिसते, कारण कड उचलताना त्या बाजूला दाब पुरता बसलेला नसतो. कानशीवाल्याला हे माहीत नसतं.

माझ्या संग्रहातलं मला सगळ्यात आवडणारं नाणं स्टीलचा रुपया आहे, नव्वदीतला. चकती ठशाखाली नीट बसलीच नाही. सिंहांचा खांब डावीकडे सरकून कडेबाहेर गेलाय, उजवीकडे चंद्रकोरीएवढा कोरा धातू राहिलाय, आणि त्या कोऱ्या भागाला कडही नाही, हात लावला तर धार लागते. मागच्या बाजूला वर्षाचे चारही आकडे शाबूत आहेत, शेवटचा तेवढा काठावर टेकलेला. पुण्याच्या प्रदर्शनात एका व्यापाऱ्याला दाखवलं तेव्हा त्याने आधी वर्ष पूर्ण आहे का ते पाहिलं, मग नाणं सोनाराच्या काट्यावर टाकलं, मग लोहचुंबक लावलं. १९९२ नंतरचा रुपया लोह आणि क्रोमियमच्या स्टीलचा, तो चुंबकाला चिकटतो; त्याच काळातलं दोनाचं अकरा कोनी नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. रुपया चिकटला नसता तर तो भलत्याच चकतीवर पडलाय असं ठरलं असतं आणि भाव आणखी वाढला असता. तो चिकटला. व्यापाऱ्याने काही शेकड्यांत बोली केली. मी दिलं नाही, कारण मला ते आवडतं. पण ती बोली मला रास्त वाटली, आणि लाखाचा तर विषयच निघाला नाही.

जुने संग्राहक ज्याला ‘लाखी’ म्हणतात ते यापेक्षा दुर्मीळ. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच दाब बसतो. मग दोन्ही बाजूंना एकच चित्र. एकीकडे उठावाचं, दुसरीकडे तेच आत गेलेलं आणि आरशातल्यासारखं उलटं. असं नाणं चांगल्या अवस्थेत मिळालं तर त्याला खरोखर मान आहे. म्हणूनच त्याची नक्कलही फार. दोन नाणी एकावर एक ठेवून फिटरच्या व्हाइसमध्ये आवळली की एकाचा उलटा छाप दुसऱ्यावर बसतो. मात्र तसं करताना खालचं मूळ चित्र चेपतं, पण पुरतं मिटत नाही. उलट्या आकड्यामागे सुलट्याची सावली दिसत राहते. खऱ्या लाखीत अशी सावली नसते.

आमच्या गावचे म्हणून काही खास नमुने आहेत. केमला रेल्वे आहे, सोलापूर-पुणे मार्गावरचं स्टेशन, आणि जिथे रूळ तिथे पोरं नाणी ठेवणारच. मालगाडी गेली की रुपया पुरीसारखा लाटून निघतो. तो कुणाच्या तरी गल्ल्यात पडतो, दोन-चार वर्षांनी तिसऱ्यालाच सापडतो आणि तो माझ्याकडे येतो: “बघा की आण्णा, केवढा मोठा पडलाय!” अहो, टाकसाळीतून कडं नसताना पडलेला रुपया पसरट असतो हे खरं, पण त्यावरचे सिंह जागच्या जागी असतात. रुळावरच्या नाण्यात ते एका बाजूला ओघळलेले दिसतात. शिवाय असा उद्योग जिवाला धोक्याचा आणि २०११ च्या नाणे कायद्याने नाणं नष्ट करणं गुन्हाही आहे, एवढं पोरांच्या बापांना सांगून मी मोकळा होतो.

दुसरा नमुना कुंकवाचा. केमचं कुंकू पंढरपूरला जातं, तुळजापूरला जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे कारखान्यातल्या माणसाच्या खिशातली नोटसुद्धा गुलाबी असते. गावच्या उत्तरेश्वराच्या यात्रेत, ओटीत, परडीत, दानपेटीत पडलेली नाणी कुंकू आणि तेल पिऊन अशी तांबडी होतात की नवख्याला वाटतं, रुपया चुकून तांब्याच्या चकतीवर पाडला. साध्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी चुंबक लावा. चिंच आणि राख मात्र आणू नका. देवाची भांडी घासायची आपली सवय चांगली असली तरी नाणं घासलं की त्याचा मूळचा पोत जातो आणि खरी चूक असली तरी भाव अर्ध्यावर येतो.

दहाच्या नाण्याचं तर विचारूच नका. आधी ते चालतच नाही म्हणून लोक फेकून मारायचे. रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ ला पत्रक काढून सांगावं लागलं की १४ प्रकारची दहाची नाणी निघाली आहेत आणि सगळी चालतात. आता तेच नाणं मधला गोल ठोकून काढून ‘मिसिंग सेंटर’ म्हणून विकायला येतं. कालपर्यंत जे वाण्याने घेतलं नाही ते आज दुर्मीळ!

आता किमतीकडे येतो. इतिहासात गाजलेल्या चुकीचीही किंमत किती असते ते बघा. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात मोठा रोष झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास वाटले गेले. उरलेले वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. चांदीचं नाणं, शंभरावर वर्षांचं, पाठीशी एवढी कथा, आणि तरी तो ‘डुक्कर रुपया’ ठीकठाक अवस्थेत काही हजारांत मिळतो. मग तुमच्या-आमच्या गल्ल्यातल्या स्टीलच्या रुपयाला कोण आणि कशासाठी लाख देईल?

उलट बाजूही सांगायला हवी. आमच्या भागात जुना वाडा पाडला किंवा विहिरीचा गाळ काढला की कधी कधी शिवराई निघते. तिच्यावरची अक्षरं अर्धीच असतात, ‘श्री राजा’ असलं तर ‘शिव’ नाही, ‘छत्र’ असलं तर ‘पति’ कडेबाहेर. सापडणारा लगेच म्हणतो, छपाई चुकली आहे, म्हणजे भाव जास्त. तसं नाही. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अर्धवट छाप हीच तिची रीत. पूर्ण अक्षरांची शिवराई मिळाली तर तिला मान जास्त. म्हणजे यंत्राच्या नाण्यात सरकलेल्या छापाला पैसे, आणि हाताच्या नाण्यात न सरकलेल्या छापाला. (जमिनीत पुरलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, १८७८ चा कायदा आहे तो. हे मी सांगितलं की समोरचा माणूस शिवराई परत रुमालात बांधतो.)

तर किंमत ठरते ती चूक किती ठळक आहे, नाणं किती कोरं आहे, वर्ष दिसतं का आणि त्या दिवशी घेणारा कोण आहे यावर. घेणारे थोडे आहेत. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत तेच तेच चेहरे दिसतात. मी पाहिलेले बहुतेक व्यवहार शंभर-दोनशेपासून काही हजारांपर्यंतचे आणि तेही समोरासमोर झालेले. इंग्लंडमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याला जुन्या-नव्या ठशांची भलती जोडी लागली आणि वर्ष कुठेच उमटलं नाही. तिकडेही लोकांनी हजारो पौंड सांगितले. प्रत्यक्षात ते नाणं पन्नास-शंभर पौंडांच्या घरात विकलं जातं. सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांच्यातलं हे अंतर आपल्या बातम्यांतून नेमकं गाळलं जातं. विक्रीच्या संकेतस्थळावर कुणीही आपल्या रुपयापुढे दहा लाख लिहू शकतो. तो आकडा उचलून ‘या नाण्याला मिळताहेत दहा लाख’ असं छापणं म्हणजे बैलबाजारात एकाने बोलून दाखवलेल्या भावाला पावती समजणं आहे.

माझं म्हणणं इथेच आहे. नोंदणी फी मागणारा भामटा आहेच, पण त्याच्यासाठी गिऱ्हाईक तयार करून देण्याचं काम बातमी करते. तिच्यावर पेपरचं नाव असतं म्हणून माणूस विश्वास ठेवतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला स्पष्ट सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. ही बातमीही आली होती. पण ती एकदा आली आणि लखपतीची दर आठवड्याला येते.

संपादकांना माझी विनंती एवढीच आहे: नाण्याची बातमी जरूर द्या, विषय रंजक आहे. पण दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो द्या, वजन द्या, चूक कुठे आहे ते बाणाने दाखवा आणि ते नाणं कुठे, कधी, कितीला विकलं गेलं ते लिहा. विकलंच गेलं नसेल तर तसं लिहा. यातलं काहीच हाताशी नसेल तर बातमी देऊ नका. आणि नाणेसंग्राहकांच्या संस्थांनी पुण्या-मुंबईची प्रदर्शनं करताना कधीतरी एक टेबल करमाळा-बार्शीसारख्या गावात यात्रेच्या दिवसांत टाकावं. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची मोठी संस्था आहे हे आमच्याकडे शाळेच्या मास्तरांनाही माहीत नसतं. माहीत असतं तर पोराने फोटो अनोळखी पानावर टाकण्याआधी कुणाला तरी विचारलं असतं.

वाचकहो, चुकलेलं नाणं सापडलं तर कागदाच्या पुडीत जपून ठेवा, घासू नका, आणि जाणकाराला हातात देऊन दाखवा. खरा घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून एक पैसाही मागत नाही. फोनवर कुणी नोंदणी, जीएसटी किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.